खानेसुमारी

एक्कावन्नच्या फेब्रुवारीत देगलुरातली
तीनशे बारा घरं माझ्या वाट्याला आली.
दौत सरकारी, टाक सरकारी, चप्पल माझी.
तहसीलदार नवे, मद्रासकडचे, दुभाष्यामार्फत बोलायचे.
म्हणाले, एका रकान्यात एकच भाषा.
उद्या हद्द पडली तर ह्याच कागदांवरून पडेल.
मी 'जी हुजूर' म्हणालो. जीभच तशी वळली.
साहेबांनी मान वर करून पाहिलं.

नागय्या तेल्यानं गिऱ्हाइकाला भाव तेलुगूत सांगितला,
माझी थकलेली उधारी मराठीत काढली,
म्हणाला, लिवा कायबी मास्तर,
हद्द तिकडं गेली तर पेंड स्वस्त व्हईल का
तेवढं इचारा.

गल्लीच्या ह्या तोंडाला संभाराव,
उमरखेडच्या कॅम्पातून परतलेला, टोपीची इस्त्री अजून कडक:
सगळी आळी मराठी लिहायची, समजलं?
त्या तोंडाला बोधनची दोन पोरं, सायकलला टेकून,
नुसतीच बघत.
मधल्या घरात एक म्हातारी विणकरीण
माग न थांबवता म्हणाली,
जे लिवल्यावर ही समदी आपापल्या घरी जातील
ते लिव्ह.

मोमीनपुऱ्यात मदारबीचं दार.
दार म्हणजे गोणपाट. कवाड त्या सप्टेंबरात जळालं.
नवरा हुसनोद्दीन, करोडगिरी नाक्यावर शिपाई.
आम्ही झेंडा घेऊन नाक्यावरून गेलो त्या सकाळी
तो आडव्या बांबूपाशी उभा होता,
बांबू उचलावा की धरून ठेवावा, ठरवत.
मागचा जमाव नंतर आला.
मी पुढं होतो.
पुढं होतो, असंच आजवर सांगत आलोय.

विवाहित की विधवा, मी विचारलं.
ती म्हणाली, तुमीच सांगा मास्तर,
तुमाला तर दिसले असतील.
मी विवाहित लिहिलं.
भाषा?
तुमच्यासंगं बोलायले ती कोणती म्हणायची?
तीच लिवा.

मी उर्दू लिहिलं.

तिला अलिफ ठाऊक नव्हता.
मला, भुजंग मास्तरला, उर्दूवाचून धड काही लिहिता येत नव्हतं;
पोरांना शिकवायची बाराखडी
मी आदल्या रात्री कंदिलापाशी गिरवायचो,
ळ माझा कायम उताणा पडायचा.
त्याच पडत्या-उठत्या अक्षरांत
स्वतःच्या नावापुढं मी मराठी लिहिलं
आणि टीपकागद जरा जोरानं दाबला.

पाच वर्षांनी हद्द पडली. देगलूर इकडं राहिलं.
बहिणीचं सासर नऊ मैलांवर, तिकडं गेलं.
तिची पत्रं परराज्यातून येऊ लागली.
तिकीट तेवढंच.

पेन्शनच्या वेळी पुरावा मागितला.
ट्रंकेत एकच कागद निघाला:
माफीनाम्यावर सही करणार नाही,
मुल्क कुणा एकाच्या बापाचा नाही,
असं नांदेडच्या जेलात मी लिहून दिल्याची नक्कल.
माझ्याच हातची. उर्दूत.
कचेरीतला कारकून कागद उलटा धरून म्हणाला,
हे वाचणार कोण? तर्जुमा आणा.

तर्जुमा करणारा गावात एकच,
मदारबीचा नातू. पुऱ्यातल्या उर्दू शाळेत शिकलेला.
ती शाळा आमच्याच आकड्यांवर मंजूर झाली होती.
त्यानं उभं राहून मोठ्यानं वाचलं,
'मुल्क'पाशी जरा थांबला, पुन्हा वाचलं.
अक्षर काय देखणं आहे, कुणाचं?
माझं, म्हणालो.
बराच वेळ चष्मा पुसत राहिला.
आजोबांचं नाव त्यानं काढलं नाही.
मीही.

दहा रुपये घेतले,
पावती मराठीत दिली.
ळ झकास काढतो पोरगा.